मिटलेल्या कळ्या

तीर्थरूप दादास,
तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. फुलांच्या दुकानातलं काम अंगवळणी पडलंय. गार पाण्याने बोटं भेगाळतात, पण भांडी घासून काय वेगळं व्हायचं!

आयरिसची निळी फुलं आशेची, असं मालकीणबाई म्हणतात. देठ तिरके कापून मिटलेल्या कळ्याच द्यायच्या, म्हणजे चार दिवस टिकतात. एक आजोबा दवाखान्यातल्या बायकोसाठी दर सोमवारी अशाच कळ्या निवडून न्यायचे.

आज म्हणाले, "पूर्ण उमललेली दे, पोरी. आजच्यापुरती टिकली तरी पुष्कळ."

मी पूर्ण उमललेली फुलं निवडून बांधून दिली.

आई दोन घास तरी खाते का? "आई बरी आहे" असं पुन्हा लिहू नकोस, दादा. मी कधी निघू, तेवढंच लिही.

तुझी धाकटी