नानांची चुन्याची डबी

मँचेस्टर, नोव्हेंबर १९८६, मंगळवार संध्याकाळ

चूक माझीच. सासऱ्यांची विड्याची पानं संपली, त्यांची चिडचिड सुरू झाली, म्हणून मैत्रिणीनं पेरूहून आणलेली कोकाची वाळकी पानं मीच नानांपुढे ठेवली. त्यांनी लगेच चुन्याची डबी उघडली. कोकेन याच पानांतून काढतात हे ठाऊक होतं, पण पानंच तर आहेत, असं वाटलं मला!

आठवडा झाला, भूक नाही, झोप नाही. आज चहाच्या वेळी म्हणाले, "सूनबाई, त्या बाईंनाही कप दे." घरात आम्ही दोघंच.

घाबरून मी पानं, डबी, सगळं कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. वर चहाचा चोथा ओतला.

आत्ता पाहते तर डबी टेबलावर.

"नाना, ही कुणी काढली?"

"त्या बाईंनी आणून दिली."

खोटं बोलत नव्हते. त्यांच्याच बोटांना चोथा लागलेला, आणि ती बोटं ते नवलानं निरखत होते.