एक फरशी पुढे

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! ताईने दारातच मिठी मारायला हात पसरले, पण मध्ये पोट आलं आणि आम्ही दोघी तिथेच हसत सुटलो. आठवा लागलाय तिला. भाऊजी कामासाठी परगावी, ते बाळाच्या वेळेला येणार. तोवर ताईची राखणदार मी.

घर लांबट आहे. दारातून आत आलं की बाहेरची खोली, तिच्या मागे सरळ बोळ, बोळाच्या टोकाला न्हाणीघर. सगळीकडे वीतभर रुंदीच्या चौकोनी फरश्या. खोलीला एक मोठी खिडकी आहे आणि सकाळी अकराला तिच्यातून जो उजेड येतो ना, अहाहा! बघताक्षणी ठरवलं. बाळ होईपर्यंत ताईला रोज अकरा वाजता त्याच खुर्चीत बसवून फोटो काढायचे आणि तिला त्यांचा अल्बम द्यायचा. तेही मोबाइलवर नाही, फिल्मवर! ताई म्हणाली, ठमे, आधी हातातली बॅग तरी खाली ठेव.

६ फेब्रुवारी

कॅमेरा घेतला! कोपऱ्यावर जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. मालक एका चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून बोलतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव डबलचष्मा ठेवलंय. त्यांनी तीन कॅमेरे पुढ्यात मांडले. पहिला प्लास्टिकचा, सगळं आपोआप करणारा. तो तुला काही शिकूच देणार नाही म्हणाले. दुसरा छोटा, इतका हळू वाजणारा की फोटो निघाला की नाही अशी शंका यावी. त्यांच्या मते माझ्यासाठी तोच. तिसरा जुना, जडशीळ, कातडं सुटलेला. त्याचं बटण दाबलं आणि खटाक्! असला भरदार आवाज, की मी तिथेच विकले गेले. काका म्हणाले, अगं, हा गल्लीभर ओरडतो. पण मी कसली ऐकतेय!

याच्यात उजेड मोजणारा काटा आहे. उजेड जास्त तर काटा वर, कमी तर खाली. काटा खाली असला की शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. त्याला बॅटरी लागत नाही, उजेडावरच हलतो. आधीच्या मालकाच्या बायकोने हा कॅमेरा दुकानात आणून दिला म्हणे. शेवटी शेवटी तो माणूस कॅमेरा उशीत गुंडाळून फोटो काढायचा. एकेक नमुने असतात!

९ फेब्रुवारी

रोज तीन फोटो. मी दारापाशी उभी, ताई खोलीच्या मध्ये खुर्चीत, तिच्या मागे बोळ. ताई नेमके डोळे मिटते. तिला म्हटलं, बाळाला वाटेल आई झोपूनच असायची. तिने उशी फेकून मारली.

एक गंमत. काटा काल होता त्याच्यापेक्षा आज किंचित खाली होता. वेळ तीच, पडदा तोच, ऊनही तसंच. शटर थोडा जास्त वेळ उघडं ठेवलं, झालं.

१४ फेब्रुवारी

काटा रोज थोडा खाली येतोय. खिडकीकडे रोखला की टुणकन वर जातो. ताईच्या पाठीमागे बोळाकडे रोखला की बसतो खाली. दुकानात नेऊन दाखवला. काकांनी नवा मीटर शेजारी धरून तपासलं, दोन्हींचे आकडे सारखे. त्यांचं म्हणणं, काटा उजेड कमी म्हणतोय म्हणजे तिथे उजेड कमीच असणार.

पण तिथे लख्ख उजेड असतो. मी डोळ्यांनी बघतेय की!

आज ताईचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी बजावलंय, तिला कसलाही ताण द्यायचा नाही.

१८ फेब्रुवारी

सगळं नीट लिहायचं ठरवलंय.

सकाळी छत्तीसावा फोटो काढून रोल संपवला. काकांनी दुकानातच धुतला. तो वाळेपर्यंत मी हौसेने नवा रोल भरला. मग काकांनी सगळे फोटो एका कागदावर छापून दिले आणि मी ते भिंग लावून बघितले. काट्याच्या नादाने शटर उघडं ठेवत गेले, त्यामुळे खिडकी पांढरी पडलीय, ताईही पांढरीफटक झालीय. एकच गोष्ट नीट उमटलीय. त्या गोष्टीमुळेच काटा खाली जात होता.

बोळात एक माणूस आहे.

पहिल्या फोटोत तो न्हाणीघराच्या दारात. दुसऱ्यात एक फरशी पुढे. तिसऱ्यात आणखी एक. तीस नंबरला तो ताईच्या खुर्चीला खेटून उभा आहे. एकतीसला तो खुर्ची ओलांडून पुढे आलाय. ताई नकोय त्याला. तो सरळ माझ्याकडे येतोय.

डोळे मिटलेत त्याचे. मान कलती, एक कान माझ्याकडे. हात पुढे, अंधारात भिंत चाचपतात तसा. त्याला दिसत नाही. खटाक् ऐकू येतं आणि तो त्या आवाजाच्या दिशेने एक पाऊल टाकतो.

आधीच्या मालकाची ती उशी कशासाठी होती, ते आता कळलं.

घरी येऊन फरश्या मोजल्या. छत्तीसाव्या फोटोतल्या त्याच्या पायांपासून मी उभी असते तिथपर्यंत आठ, त्या खटाक् सरशी टाकलेलं पाऊल वजा केलं की सात. मग आठवलं. नवा रोल भरताना सुरुवातीची फिल्म पुढे सरकवायला दोनदा रिकामंच बटण दाबावं लागतं. दोनदा दाबलं होतं मी. हसत हसत.

पाच उरल्या.

१९ फेब्रुवारी

धावत दुकानात गेले तर कुलूप. पाटी लावलीय, दुकान एकवीसला उघडेल. कॅमेरा कपाटात स्वेटरांखाली दडवला. ताईला सांगितलं, काटा बिघडलाय, थोडे दिवस फोटो नाहीत. तिचं तोंड एवढंसं झालं. सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण आज रक्तदाब कालच्यापेक्षा जास्त होता. कसं सांगू? ताई, तुझ्या खुर्चीला खेटून कोणीतरी उभं होतं, हे?

बटण दाबलं नाही की तो हलत नाही. एवढंच धरून बसलेय.

२० फेब्रुवारी, सकाळ

राहवलं नाही म्हणून कॅमेरा काढला. बटणापासून बोट लांब ठेवून फक्त काटा बघितला. खिडकीत रोखला, थेट उन्हात. काटा तळाला. भिंतीकडे — तळाला. छताकडे — तळाला. जिकडे कॅमेरा फिरवते तिकडे —

तो कॅमेऱ्यासमोरच असतो. आता कुठेही.

पुन्हा कपाटात.

२० फेब्रुवारी, दुपार

जेवून डोळा लागला होता. उठले तर ताई समोर बसून गालातल्या गालात हसतेय. म्हणाली, सगळे फोटो माझेच काढतेस, अल्बममध्ये मावशी कुठे दिसायची? स्वेटरांच्या घड्या घालताना कॅमेरा सापडला तिला. मी घोरत होते तेव्हा गुपचूप माझे फोटो काढले.

किती, विचारलं.

चार.

पाचातून चार. एक.

आणि कॅमेरा तिच्या हातात होता. जो दाबेल त्याच्याकडेच तो येतो. माझ्याकडे असा नाहीच. ताईच्या पुढ्यात एक फरशी सोडून तो —

मी हसले. छान केलंस म्हणाले. रडूच येत होतं, पण तिचे पाय सुजलेत, चेहरा सुजलाय, तिला काय सांगणार? उद्या दुकान उघडलं की आधी कॅमेरा देऊन यायचा. मग सांगेन. बाळ झाल्यावर. सगळं सांगेन.

कॅमेरा पिशवीत घातला. पिशवी दाराच्या खुंटीला.

२१ फेब्रुवारी

अकराला पाच मिनिटं. दुकान उघडलं असेल. निघतेच. ताईने चहा ठेवलाय, तो घेऊन जा म्हणते. तोवर दोन ओळी.

पिशवी खुंटीवर सपाट दिसतेय. एवढी सपाट? —

ताई बोळाच्या तोंडाशी. कॅमेरा डोळ्याला. म्हणतेय हलू नकोस ठमे, लिहीत राहा, उजेड छान पडलाय, झोपेतले फोटो काय कामाचे, एकच —

बोट बटणावर. ओरडले तर दचकेल. दचकली तर दाबलं जाईल. उठले तरी —

म्हणतेय काटा अगदीच खाली गेलाय गं

मोठ्या अक्षरात लिहून वही वर धरते. ती वाचेल. हळूच —

ताई कॅमेरा खाली ठेव
बटण दाबू न