वाळवणाचे छत आणि कावळे हाकलायची काठी

मी, मंदाबाई भैय्याजी ढोले, वय अडुसष्ट, राहणार पवनार, तालुका व जिल्हा वर्धा, आज सकाळचा चहा घेऊन, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा कोणी भरीस घातले म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवते. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. गुडघे त्यांनी नापास केले, पण मृत्युपत्र गुडघ्यांनी लिहायचे नसते.

मी शाळेत गेले नाही. वाळवणाखाली रद्दी पेपर अंथरायचे, तेव्हा ओल्या मुगवड्यांच्या पोटावर अक्षरे उलटी उमटायची. ती सुलटी लावता लावता वाचायला शिकले. शाई लोकांच्या पोटात जाऊ नये म्हणून पुढे धुतलेली धोतरे अंथरू लागले, तोवर अक्षरओळख होऊन गेली होती. तेव्हा शुद्धलेखनाची चूक दिसली तर सोडून द्यावी, मतलब सोडू नये.

कलम पहिले, घराबद्दल. पवनारचे हे घर ज्या जागेवर आहे ती माझ्या वडिलांनी माझ्या नावाने घेऊन दिली. वरच्या विटा आणि स्लॅब माझ्या वाळवणाच्या विक्रीतून झाला. माझे मालक कै. भैय्याजी यांचा या घरावर कागदोपत्री हक्क नव्हता. हाताने मात्र त्यांनी तो फार चालवला.

ते भाजीपाला घेऊन वर्ध्याच्या बाजारात जात. भाव पडला की उरलेला माल परत येई आणि टमाटरांची टोपली माझ्या अंगावर रिकामी होई. टमाटर संपले की टोपली, टोपली संपली की हात. अशाच एका दिवशी फुटलेल्या ओठाने मी अंगणातले टमाटर वेचले, धुतले, चकत्या कापल्या, मीठ लावून उन्हात टाकले. चकत्या कडक झाल्यावर माझा मुलगा किशोर, तेव्हा चड्डीत फिरायचा, तो त्या कुरकुर खात बसला आणि म्हणाला, "माय, अजून दे." माझा धंदा तिथून निघाला. बचत गटाच्या बाया विचारतात, मंदाबाई, तुम्हाला हे सुचले कसे. आज लिहून देते. मारातून सुचले.

कलम दुसरे. हे संपूर्ण घर, अंगण, जिना आणि मुख्य म्हणजे वरचे छत मी माझी सून सौ. शालू किशोर ढोले हिला देते. ते तिच्या एकटीचे राहील. किशोरला घरात किंवा छतात वाटा नाही. पोटच्या पोराला डावलून सुनेला का दिले, हे उद्या कोर्टात कोणी विचारेल, म्हणून सांगते.

मागच्या उन्हाळ्यात खारोड्या, म्हणजे ज्वारीच्या वाळवणाच्या वड्या, घालायच्या होत्या. ज्वारीचा घाटा पहाटे शिजवून त्याचा गंज, म्हणजे मोठे पातेले, वर नेला. ज्याने खारोड्या घातल्या आहेत त्याला ठाऊक आहे, घाटा चुलीवरून उतरला की हात थांबवता येत नाही. गार झाला की तो मोडतो आणि सगळी मेहनत मातीत. शालू पाण्यात बोटे बुडवून भराभर खारोड्या टाकत होती, मी गंजापाशी बसले होते. कावळ्यांची काठी, टोकाला काळे फडके बांधलेली, कठड्याला टेकवलेली.

किशोर रात्रीची उतरली नसतानाच वर आला. छतावर मोबाईलचा टॉवर बसवून घ्यायचे त्याच्या डोक्यात होते. मी नाही म्हटले होते, तर शालूने मला फितवले असा त्याचा समज.

"उठ तेथून. आज मापवाले येऊन राह्यले."

शालू म्हणाली, "एवढा गंज संपू द्या, मंग उठतो."

"मी बोलून राह्यलो अन् तुले खारोड्या दिसते का?"

त्याने वाळवणाखाली अंथरलेल्या धोतरावर लाथ घातली. ओल्या खारोड्या भिंतीवर जाऊन चिकटल्या. तरी हिचा हात चालूच. मग त्याने काठी उचलली. पहिला वार पाठीवर, दुसरा डाव्या कानावर. रक्त मानेवरून घाट्यात ठिबकले. त्या कानाने तिला अजून ऐकू येत नाही. मी म्हटले, "किशोर, काठी ठेव." तो म्हणाला, "माय, तू बाजूले हो. तुहे डोये मिटले का पयले हिले घराबाह्यर हाकलतो."

तिसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा मी गंज उचलला आणि गरम घाटा त्याच्या हातावर ओतला. घाटा पाण्यासारखा घरंगळत नाही, चिकटतो. तो दुसऱ्या हाताने ओरबाडू लागला तशी घाट्याबरोबर कातडी निघाली. काठी पडली, ती मी कठड्यावर आपटून मोडली. माझा पोरगा छतावर गडबडा लोळत होता आणि शालूने, कानातून रक्त गळत असताना, बोटे भिजवायचे पाणी नेऊन त्याच्या हातावर धरले. ते संपल्यावर खाली जाऊन आणखी आणले. दवाखान्यात त्याने चुलीवर पडलो असे सांगितले. तो चुलीवर पडला नाही. मी भाजले. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा भाजीन, आणि पुन्हा रडीन.

त्या दिवसापासून त्याने हात उगारलेला नाही, पण माझे डोळे मिटण्याबद्दल तो जे बोलला ते त्याने परत घेतलेले नाही. म्हणून हे कलम.

कलम तिसरे. गंज, कढई, किसण्या, सरगुंड्यांची कणीक गुंडाळायच्या काड्या, मच्छरदाण्या आणि काचेची सौर पेटी माझी नात गुंजन हिला. बाई गं, भेंडी, गवार, कारले सावलीच्या वाऱ्यात वाळव, टमाटर आणि आवळा कडक उन्हात. दाताखाली मोडले तरच डब्यात भर, वाकले तर परत छतावर. आणि आवळ्यात साखर घालायची नाही. दुकानदार हिरालाल मला म्हणतो, "काकू, थोडी साखर टाका ना, पोट्टे जास्त खातीन." मी त्याला म्हणते, "अन् दात किडले का तू देशीन का आपले काढून?" तो हसतो आणि डबे ठेवून घेतो. माणूस चांगला आहे, जिभेने गोड आहे इतकेच.

कलम चौथे, शेजारी नत्थूजी. त्याच्या बकरीने माझे सरगुंडे खाल्ले, मी विळी फेकली, बकरीचा कान गेला. बकरीवर माझा राग नाही. फाटक मुद्दाम उघडे टाकणाऱ्या नत्थूजीवर आहे आणि तो मी सोबत नेणार आहे. तेरवीला मात्र त्याला जेवायला बोलवावे, वाळलेल्या गवारीची भाजी त्याला आवडते.

कलम पाचवे, किशोरबद्दल. दहाव्या दिवशी धाम नदीच्या काठावर माझा पिंड ठेवाल. मी जन्मभर कावळे काठीने हाकलले, त्यांचा माझ्यावर दात असणारच. कावळा शिवला नाही तर लोक म्हणतील, बुढीची इच्छा राहिली. खरेच राहिली असेल. म्हणून कावळ्याची वाट न पाहता, पिंड ठेवण्याआधीच, किशोरने चार लोकांत मोठ्याने म्हणावे, "शालूले घरातून काढनार नाई, तिच्यावर हात टाकनार नाई." त्याने म्हटले तर पिंड त्याने ठेवावा. नाही म्हटले तर गुंजनने ठेवावा. पोरीचा हात चालत नाही असे जो म्हणेल त्याने घरी जावे.

मोडलेल्या काठीचा फडक्याचा तुकडा किशोरला. तेवढ्याने कावळा उडतो, माणसाला लागत नाही. शालूला पटले तर खारोड्यांच्या दिवसांत त्याने छताच्या कोपऱ्यात राखणीला बसावे आणि बशीभर खारोड्या खाव्यात. दुसरा तुकडा माझ्या सरणावर ठेवावा.

या सगळ्याची अंमलबजावणी बोरगाव मेघेच्या वासुदेवराव भोयरांनी करावी. ते आमच्या नात्यात नाहीत, म्हणूनच नेमले.

हे लिहीत असताना किशोर दारात येऊन उभा राहिला. "माय, काय लिहून राह्यली?"

"मृत्युपत्र."

"मले काय ठेवलं?"

"काठी. अर्धी."

त्याने सदऱ्याची बाही भाजलेल्या हातावर ओढून घेतली. मग म्हणाला, "अन् काय म्हणा लागते नदीवर, थे वाचून दाखव एकदा."

मी वाचून दाखवले. त्याने ते माझ्यामागून म्हटले नाही. पण पुन्हा वाच म्हणाला, आणि मी पुन्हा वाचले.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, मला समजला. साक्षीदारांसमोर सही करते, त्यांनी माझ्यासमोर करावी.

सही: मंदाबाई भैय्याजी ढोले

साक्षीदार:
१. वासुदेवराव कृष्णाजी भोयर, बोरगाव मेघे
२. हिरालाल मोतीलाल गुप्ता, दुकानदार, पवनार

स्थळ: पवनार, घराचे छत
दिनांक: १९ मे २०२४