वळणावरची लांबी

आर्णी,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

चि. शंकर यास भुरीचा आशीर्वाद. मोठी बहीण म्हणून तो आधी देऊन टाकते, कारण पुढे राग आहे.

इकडे सगळं ठीक. कापसाचा पहिला वेचा घरात आला, दुसऱ्याला बाया मिळत नाहीत. तूर फुलावर आहे. तुझा दाजी उकंडा सकाळी शेतावर चक्कर मारतो आणि दुपारी माझ्या शेडमध्ये येऊन बसतो. त्याचा उजवा हात अपघातापासून आहे तसाच लुळा आहे. डाव्या हाताने जेवायला शिकला, डाव्या हाताने बिडीही पेटवतो. थंडी पडली की खांदा दुखतो, पण बोलत नाही.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पाकीट आलं की फोडल्याशिवाय तुला राहवत नाही. आपल्या बापूच्या नावाची पाकिटंसुद्धा तूच फोडायचास.

तुझा निरोप भावजयीने पोचवला. चार लोकांसमोर दुकानात येऊन माफी मागायची, नाही तर दिग्रसच्या घराची पायरी चढायची नाही. उत्तर लगेच लिहिते, म्हणजे उगाच शेवटपर्यंत वाट बघायला नको. मागत नाही. पायरी तुझी आहे, जपून ठेव.

आता तू लोकांना काय सांगत फिरतोस तेही कानावर आलं. भुरी जळते म्हणे. स्वतःच्या शेडमध्ये डवरे आणि गेटं जोडते, भाऊ जीपगाड्यांचे पिंजरे बनवतो, गाडी उलटली तरी आतला माणूस वाचवणारे, ते तिला पाहवत नाही. शंकर, जळायचंच असतं तर मी आर्णीहून एसटीने, पिशवीत ग्राइंडर घालून, उभ्याने आले नसते. घरी बसून जळले असते.

काय झालं ते नीट सांगते. त्या दिवशी तू मला बोलू दिलं नाहीस. मेन स्विच बंद केलास आणि ओरडत राहिलास.

भाऊबीजेला तू आला नाहीस, खुशीला पाठवलंस. मागल्या वर्षीही आला नव्हतास. पोरगी जीप घेऊन आली. डोक्यावर नवा पिंजरा, लाल रंग, काय तिचा थाट! अंगणात गाडी लावून मला हाताला धरून दाखवायला लागली. "आत्या, पाह्य ना, बाबानं सोता वाकोला. घाटंजीकडच्या खदानीत शर्यत हाये, म्या चालवून राह्यली. वळणाले जराशी लांबी द्या लागली, मंग कसं चोपडं झालं!"

मला वाटलं पाइप आखूड पडला आणि तू जोड दिलास. वळणावर जोड म्हणजे गाडी उलटली की तिथेच मोडणार. शोधायला हात फिरवला तर जोड नव्हता. नखाने रंग खरवडला आणि खालून पांढरट-गुलाबी पापुद्रा निघाला. तेव्हा कळलं कोणती लांबी ते. रंगारी दाराच्या फटीत भरतात ती!

लोखंड नीट वळलं असतं तर त्यावर लांबी कशाला भरावी लागली असती रे? आत सुरकुती होती म्हणूनच ना?

मी उरलेली लांबी पेचकसाने काढली. वळणाच्या पोटात चुण्या पडलेल्या, बाजूंनी नळी चपटलेली. खुशीला विचारलं, कशावर वाकवलं? ती म्हणाली, नागपूरहून आणलेल्या जॅकच्या मशीनवर, दीड इंचीच्या साच्यात. नळी पण दीड इंचीच. साच्यात जरा ढिली बसत होती, म्हणून तू सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्यास.

ढिली बसणारच. ते मशीन पाण्याच्या पाइपाचं आहे. पाण्याचा पाइप आतल्या भोकावरून बोलावतात. दीड इंची म्हणजे आत पाणी जायची वाट, बाहेरून तो बराच जाड असतो. पिंजऱ्याची नळी बाहेरून मोजतात. बोलायला दोन्ही दीड इंची, पण बोटभर फरक! रबराने तो फरक भरला आणि जोर लावला, की रबर आधी दबतं आणि नळीला कोणीच धरून ठेवत नाही. मग ती पोटात मुडपते. तू हुशार आहेस, तुला हे दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. दिसलं म्हणूनच लांबी भरलीस.

मी तेव्हाच तुला फोन लावला. तू म्हणालास, "तुले कायले पंचायत? बापूची रीत सोडून तू मले शिकवतं काय?" आणि ठेवून दिलास. खुशीला म्हटलं गाडी इथेच ठेव, तर ती रडकुंडीला आली. बाबा रागावतील म्हणून घेऊन गेली. मग त्या रविवारी मी तुझ्या दुकानात आले आणि पिंजरा कापला. दोन वळणं उतरली तोवर तुझा हात स्विचवर गेला. तिसरंही उतरवलं असतं.

बापूच्या रीतीचं म्हणशील तर ऐक. बापू पाइपात रेती ठासायचा, दोन्ही तोंडं लाकडी गुल्ल्यांनी बंद करायचा, भात्यावर लाल करायचा आणि बाभळीच्या ओंडक्याभोवती हळूहळू फिरवायचा. गेटासाठी, पलंगासाठी त्याच्यासारखं वळण मी अजून पाहिलं नाही. पण गेट उलटत नाही आणि पलंगावरून कोणी खदानीत जात नाही. पिंजऱ्याची नळी लाल केली की तिथला जोर जातो. आणि एक सांग, बापूचं वळण बिघडलं की तो काय करायचा? आठवतं? तुकडा बाजूला टाकायचा आणि संध्याकाळी त्याची मटक्याची तिवई करायचा. आपल्या घरात तिवया किती होत्या! याडी ओरडायची, एवढे मटके कुठून आणू म्हणून. पण बिघडलेलं वळण गिऱ्हाइकाच्या घरी गेलं नाही. बापूची रीत ती आहे. रेती नव्हे.

त्यानंतर मी नळी वाकवायचं मशीन आणायला नागपूरला गेले होते हे तुला ठाऊक नसेल. दुकानदाराने आधी मलाही जॅकचंच मशीन दाखवलं, "बाई, हेच चालते सगळीकडे." मी म्हटलं, नळी तुमच्या साच्यात घालून दाखवा. घातली, खुळखुळली. मग त्याने आतून दुसरं काढलं. त्यात साचा स्वतः फिरतो आणि नळीला आपल्याभोवती ओढून घेतो, मागून एक ठोकळा तिला दाबून धरतो. प्रत्येक मापाच्या नळीला वेगळा साचा, आणि तो बाहेरच्या मापाचा. लांब दांडा हाताने ओढायचा. गरम करायचं नाही, घाई करायची नाही, वळण फार आवळायचं नाही. तेच आणलं.

आता ते लिहिते जे इतका वेळ लिहीत नव्हते.

खुशी "लांबी" म्हणाली तेव्हा उकंडा ओट्यावर जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. खाली बघत बसला. पोरगी गेल्यावर मी शेडमागे गेले. त्याची जीप अजून ताडपत्रीखाली पडली आहे, विकवत नाही. ती उलटली तेव्हा पिंजऱ्याची वरची कमान मोडून त्याच्या खांद्यावर आली होती. ती कमानही तूच वाकवली होतीस. बहिणीच्या घरची म्हणून हौसेने! मोडली तिथे ठोकलं तर खपली पडली. तोच पांढरट-गुलाबी रंग.

मी मागे वळले तर उकंडा उभा होता. म्हणाला, "मले माहीत होतं. दवाखान्यातून आलो तवाच पाह्यलं म्या."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तुह्यं माहेर तुटलं असतं, भुरे."

शंकर, त्या अपघातानंतर तू दिग्रसच्या चौकात चहाच्या टपरीवर काय बोललास? "पाव्हणे पेले होते, गाडी उडवली." पोलिसांपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, टपरीवर बोललास. पण तिथलं बोलणं आर्णीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही. तीजेला तांड्यावर सगळे पितात तेव्हा हा ताक मागतो आणि तूच त्याची टिंगल करतोस. लोक त्याला तोंडावर दारुडा म्हणाले आणि तो ऐकत राहिला. हात गेलेला, वर हे नाव. माझं माहेर राहावं म्हणून! आणि ज्याच्यासाठी त्याने हे गिळलं, त्या तू दुसरी कमान तशीच वाकवलीस, तीही पोटच्या पोरीच्या डोक्यावर.

तू आमच्या दारात का येत नाहीस ते आता मला कळलं. मला वाटायचं कामात असशील.

खुशी शनिवारपर्यंत इथे आहे, घाबरू नको. जीपही इथेच आहे, कापलेल्या पिंजऱ्यासकट तीच चालवत घेऊन आली. काल पहिलं वळण तिने स्वतः ओढलं. मी ते गाडीला लावू दिलं नाही. हेक्सॉने उभं चिरलं आणि तिच्या हातात दिलं, म्हटलं आत बोट फिरव. तिने फिरवलं. चुणी नव्हती. मग म्हणाली, "आत्या, फुफाजीच्या गाडीतबी लांबी होती काय?" मी खोटं बोलले नाही. ती उठून उकंडाजवळ जाऊन बसली. त्याने तिला दांडा कुठे धरायचा ते डाव्या हाताने दाखवलं. आता बाकीची वळणं ती दोघं मिळून काढतात. मी फक्त तपासते. या पिंजऱ्याला रंग लावायचा नाही असं तिनेच ठरवलं आहे. ज्याला बघायचं त्याने लोखंड बघावं.

शर्यतीला ती याच गाडीत उतरेल. तू थांबवायला आलास तर मी आडवी पडेन, हे ध्यानात ठेव.

माझी माफी मागू नको. मला ती नको. त्याच टपरीवर जा, त्याच लोकांसमोर उभा राहा आणि सांग, पाव्हणे पेले नव्हते, माझी कमान खोटी होती. तेवढं बोललास की आर्णीची एसटी धर. उकंडा तुला चहा पाजेल, त्याच्यात तेवढा मोठेपणा आहे. माझ्यात नाही. मी आधी भांडेन, मग जेवायला वाढेन.

पत्राच्या शेवटी दर वेळी "तुझी बहीण" लिहिते. या वेळी ती जागा कोरी सोडली आहे. तू बोलून ये, मग लिहीन. तोवर तिच्यात लांबी भरणार नाही.

उकंडाची बायको,
भुरी