बांडगुळाचं पाणी

लिंडफर्ड, टेनबरीजवळ
१६ डिसेंबर १९३४

चि. एडगर यास डॉर्कसताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिडीवर होते आणि नंतर बाजाराची धांदल, म्हणून उत्तराला उशीर. नाताळात घरोघरी टांगायच्या बांडगुळाचा शेवटचा लिलाव परवा झाला. आपली सफरचंदाची झाडं आता म्हातारी झाली, फळ धरायचा कंटाळा करतात, पण बांडगूळ मात्र फांदीफांदीवर पोसतात. यंदा पांढरे दाणे भरगच्च आले. अर्ध्या जुड्या तुझ्या लेकीने बांधल्या. गाठ अगदी तुझ्यासारखी मारते, म्हणजे बाजारात पोचेपर्यंत सुटणारी. मी मागून सगळ्या पुन्हा बांधल्या, तिला सांगितलं नाही.

टिली बरी आहे असं दोन ओळींत लिहून मोकळी होणार होते, पण तुझ्याशी तसं वागायची सवय नाही. एल्सी गेल्यावर तू या आईवेगळ्या पोरीला माझ्याकडे सोडलंस, त्यानंतर नोव्हेंबरात एकदाच आकडी आली. पण डॉक्टरांच्या त्या गोळ्यांनी पोर झोपेत चालल्यासारखी वावरते. लापशीचा चमचा तोंडापाशी नेते आणि तिथेच विसरते. शाळेत बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलंय, म्हणजे तिची मान कलली तर बाकीच्या मुली हसणार नाहीत.

मला राहून राहून आईच्या औषधाची आठवण येते. आपल्या भावाला, सायलसला, ती आकडीवर बांडगुळाचं पाणी द्यायची. पानं रात्रभर गार पाण्यात भिजत घालायची, उकळायची नाहीत, दाणा चुकूनही पडू द्यायचा नाही, सकाळी गाळून अर्धा पेला. सायलस त्यावर दोन वर्षं एकदाही पडला नाही. तुझ्या मनात काय आहे ते कळव. तुझ्या सासूबाईंकडे गेलास तर तुझ्या छोट्या रॉनीचा माझ्या नावाने पापा घे, त्यांनी घेऊ दिला तर.

थंडीत गळपट्टा वापर. आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझी ताई,
डॉर्कस


कॉव्हेंट्री
२१ डिसेंबर १९३४

ती. डॉर्कसताईस, एडगरचे शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. टिलीसाठी लोकरी मोजे आणि तुझ्यासाठी चहा वेगळा पाठवला आहे. कारखान्यात नाताळसाठी दोनच दिवस सुटी, त्यामुळे येणं होत नाही.

आता तुझ्या विचारण्याचं. ताई, राग मानू नकोस, पण ते पाणी गोळ्यांच्या जागी द्यायचं नाही. तू म्हणतेस सायलस दोन वर्षं पडला नाही. मला आठवतं ते वेगळं आहे. तो बरा झाला असं आपण सगळ्यांनी धरून चाललो, आणि बरा झाला म्हणूनच आईने त्याला एकट्याला नदीवर जाऊ दिलं. तू आजही म्हणतेस की काठ खचला आणि तो बुडाला. मी धाकटा होतो, पण त्याला बाहेर काढलं तेव्हा मी तिथे होतो. काठ जिथल्या तिथे होता.

डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं की गोळी एक दिवससुद्धा चुकता कामा नये. कारण विचारायचं माझ्या ध्यानात आलं नाही. तू मला वचन दे. रॉनीला तर सासूबाईंनी ठेवूनच घेतलंय, माझ्या हातून पोरं सांभाळली जायची नाहीत असं त्या शेजारणीलाही सांगतात. टिलीला काही झालं तर तो मुलगा मला पुन्हा दिसायचा नाही.

तुझा जीव तिच्यावर आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं. माझ्यावरही थोडा असू दे.

तुझा,
एडगर


लिंडफर्ड
१० फेब्रुवारी १९३५

चि. एडगर यास अनेक आशीर्वाद.

वचन दिलं आणि पाळते आहे. गोळी सकाळी एक, संध्याकाळी एक, टिली माझ्या डोळ्यांसमोर गिळते. पाण्याचा विषय मी काढलेला नाही. सायलसबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. काठ खचला असं आईच म्हणाली होती, आणि आईचं म्हणणं खोडायची आपल्या घरात रीत नव्हती.

बाकी बातमी चांगली आहे. नवीन वर्षात गायींपैकी बटरकप सगळ्यांत आधी व्यायली, तेव्हा रिवाजाप्रमाणे बांडगुळाची फांदी तिला टिलीच्या हातून खाऊ घातली. गाय फांदीबरोबर तिची बाहीही चघळू लागली तेव्हा पोर हसेल असं मला वाटलं. ती नुसती बघत राहिली. बाही कुणा दुसऱ्याचीच असावी अशी.

गेल्या आठवड्यात तिला बांडगूळ लावायला शिकवलं. नाताळचे दाणे कच्चे असतात, ते कामाचे नाहीत, आता फेब्रुवारीत पिकतात. सालीला चीर द्यायची नसते, कोवळ्या फांदीच्या खालच्या बाजूला दाणा नुसता चोळून चिकटवायचा. पहिलं पान कधी दिसेल असं तिने विचारलं. दोन-तीन वर्षं तरी लागतील असं मी म्हणाले, तर तोवर मी ते विसरून जाईन, असं ती शांतपणे म्हणाली. नऊ वर्षांच्या पोरीने असं बोलावं? मी तिला दटावलं आणि मग घरात येऊन रडले.

ईस्टरला ये. यायचंच. काही सबब चालणार नाही.

माझं मन तुमच्यापाशी आहे, ते असंच राहील.

तुझी ताई,
डॉर्कस


लिंडफर्ड
२५ एप्रिल १९३५

चि. एडगर यास अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तू गेल्यापासून माझं कशात लक्ष नाही. बस सुटता सुटता तू खिडकीतून जे बोललास ते तसंच मनात धरून बसले आहे. गोळ्या बंद कर आणि आईचं पाणी सुरू कर, असं तू म्हणालास. मी काही विचारायच्या आत बस निघाली.

तू का म्हणालास ते मला कळतं. तिने तुला तीनदा विचारलं की तुम्ही कोण, आणि तिसऱ्या वेळी तू परसात निघून गेलास. तू तिथे काय करत होतास ते मी पाहिलं नाही असं समज.

पण आता मलाच भीती वाटते, एडगर. डिसेंबरात मी मागे लागले होते आणि तू अडवलंस. आज तू सांगतोस तर माझे हात चालत नाहीत. तू एकदा डॉक्टरांना विचार. ते कॉव्हेंट्रीतच आहेत, तुझ्या वाटेवर. त्यांनी हो म्हटलं तर मी त्याच दिवशी सुरू करते. आणि तू जे बोललास ते मनापासून बोललास की भरल्या डोळ्यांनी, ते नीट लिहून कळव.

उत्तराची वाट पाहते. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी ताई,
डॉर्कस


कॉव्हेंट्री
३० एप्रिल १९३५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मनापासून बोललो. शंका ठेवू नकोस.

डॉक्टरांना विचारलं नाही. ते नाहीच म्हणणार, आणि नाही ऐकून मला परत यायचं नाही. त्यांना आकडी मोजायची असते. मुलगी बापाला ओळखते की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. एल्सीला जाऊन दीड वर्ष होत आलं. तिच्यामागे राहिलेल्यांत एक पोरगा सासूबाईंच्या कुलपात आणि दुसरी माझ्या मांडीवर बसून माझं नाव विचारते. ताई, मला फक्त एक उन्हाळा दे. ती हसू दे. वाटलं तर पुढे गोळ्या पुन्हा सुरू करू.

आईच्या हातची ती पानं भिजवायची पद्धत तुला येते, मला येत नाही. म्हणून तुझ्यावर सोपवतो. डिसेंबरात मी फार तोडून लिहिलं, ते विसर.

तुझ्या आधारावर असणारा,
एडगर


लिंडफर्ड
१४ मे १९३५

चि. एडगर यास अनेक आशीर्वाद.

आधी बातमी, मग बाकीचं. टिलीने आज मला खेकसून सांगितलं की आत्या, तुझी लापशी करपते, शाळेतल्या मुलींच्या घरी करपत नाही. मी पातेलं खाली ठेवलं आणि तिला घट्ट धरलं. तिला वाटलं मला राग आला.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून गोळ्या थांबवल्या. हिवाळ्यात वाळवलेली पानं माळ्यावर होतीच. रोज अर्धा पेला घेते, कडू आहे म्हणून नाक मुरडते, आणि ते नाक मुरडणं मला किती गोड वाटतं ते सांगता येत नाही. शाळेत पुढच्या बाकावर आली. बटरकपच्या वासराचं नाव तिने एडगर ठेवलंय, कारण ते सारखं निघून जातं. हे मी लिहावं असं तिनेच सांगितलं.

दोनदा तिचा हात आपोआप थरथरला आणि पेला सांडला. वाढत्या अंगात असं होतं असं शेजारच्या मिसेस पुगने सांगितलं. तुला कळवून ठेवते, घाबरवत नाही. जूनमध्ये रजा काढ. ती तुला नावाने हाक मारेल.

सगळ्यांचं असंच चालू दे.

तुझी ताई,
डॉर्कस


लिंडफर्ड
२२ मे १९३५

चि. एडगर,

तार मिळाली असेल. तू निघण्याआधी हे हातात पडावं म्हणून घाईने लिहिते.

काल सकाळी ती बागेत मला ओले कपडे देत होती आणि बोलता बोलता पडली. एक आकडी थांबली आणि शुद्ध येण्याआधी दुसरी आली. मग थांबलीच नाही. पुगच्या मुलाला सायकलवरून गावात पिटाळलं, टेनबरीचे डॉक्टर मोटारीने आले. त्यांनी सुई दिली. दुपारपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर धरून होते. शेवटी शांत झाली तेव्हा मला वाटलं झोपली.

गोळ्या कुठे आहेत असं डॉक्टरांनी विचारलं. मी बंद केल्याचं सांगितलं. त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. ही गोळी कधीही एकदम थांबवायची नसते, थांबवायची तर उतरवत उतरवत, असं ते म्हणाले. बंद केली म्हणूनच अशा लागोपाठ येतात. हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, एडगर. किंवा तुला सांगितलं असतं, तू विचारलं असतंस तर. हे टोचून लिहीत नाही. मीही नुसतं तुझ्या पत्रावर थांबले, कॉव्हेंट्रीला स्वतः जायला मला कुणी धरलं नव्हतं.

शुक्रवारी गावच्या सभागृहात मृत्यूची चौकशी आहे. आता नीट वाच. बंद करायचं मी ठरवलं. मी जुन्या चालीची, एकटी बाई, आईच्या औषधावर माझा विश्वास, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाही पटेल. तुला विचारलं तर तू म्हण की मला माहीत नव्हतं. तुझी सासू तिथे येणार आहे. तुझ्या तोंडून दुसरं काही निघालं तर रॉनी गेला. एक गेली, दुसरा जाऊ द्यायचा नाही. तुझं एप्रिलचं पत्र मी चुलीत घातलं.

काळा कोट आण. इथे पाऊस आहे.

ताई


कॉव्हेंट्री
२ जून १९३५

ती. डॉर्कसताईस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. कामावर रुजू झालो. साहेबांनी बोलावून दोन शब्द चांगले सांगितले.

चौकशीत तुला जे ऐकून घ्यावं लागलं त्याचं वाईट वाटतं. अडाणीपणा आणि हट्ट हे शब्द चौकशी घेणाऱ्या कॉरोनरनी वापरायला नको होते. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलू लागल्या आहेत. तुम्ही तरी काय करणार, तुम्हाला अंधारात ठेवलं, असं परवा म्हणाल्या. पुढच्या रविवारी रॉनीला माझ्याकडे दिवसभर ठेवायचं कबूल केलं आहे. हे सगळं तुझ्यामुळे झालं. हे ऋण मी जन्मात विसरणार नाही.

टिलीच्या दगडावर काय कोरायचं ते तू ठरव, मला सुचत नाही.

पूर्वीसारखंच लिहीत जा.

तुझा,
एडगर


लिंडफर्ड
९ जून १९३५

चि. एडगर यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. रॉनी आज तुझ्याकडे असेल. त्याला सफरचंदाचा मुरंबा आवडेल म्हणून बरणी पाठवली आहे, मी केला आहे असं सासूबाईंना सांगू नकोस, त्या खाऊ देणार नाहीत.

इथे दिवस जातात. मिसेस पुग आता कुंपणापलीकडून बोलत नाही. चर्चमध्ये माझ्या बाकावर माझ्याशिवाय कुणी बसत नाही. डिसेंबरात माझ्या जुड्या बाजारात आणू नयेत, लोकांना ते बरं दिसणार नाही, असं लिलाववाल्याने निरोप पाठवून सुचवलं. हे मी आधीच धरून होते. दगडावर नुसतं नाव घातलं आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही, ती लिहून मोकळी होते. तुला काही माहीत होतं का असं कॉरोनरनी विचारलं आणि तू म्हणालास, नाही साहेब, मला काहीच माहीत नव्हतं. तेच म्हण असं मीच सांगितलं होतं. तू माझं ऐकलंस, यात तुझा दोष नाही. आज विचारलं तरी मी तेच सांगेन. पण मला वाटलं होतं की तुला बोलायला वेळ लागेल. निदान एकदा माझ्याकडे बघशील. तू तर एका दमात बोललास, एल्सीच्या आईकडे बघून. तुला ते खरंच वाटत असावं असं बोललास.

तुझ्या पोराला सांभाळ. या वर्षी इकडे येऊ नकोस. माया आटलेली नाही, पण तुला दारात बघायला मला अजून वेळ लागेल.

ताई