जुन्या कचेरीचं नवं कुलूप

कल्याण, मंगळवार, १३ मे १९५२

राग अजून उतरलेला नाही. लिहून काढल्याशिवाय घास उतरायचा नाही.

नगरपालिकेची नवी कचेरी झाल्यापासून जुनी ओस पडलीय. तिथं प्रसूतिगृह करा म्हणून मी, पालिकेच्या दवाखान्यातली एकटी नर्स, वर्षभर अर्ज करतेय. पालिकेच्या कमिटीनं ठरवलं काय, तर क्लब! पत्त्यांची टेबलं येऊन पडली आणि दाराला नवं पितळी कुलूप लागलं.

आज दुपारी शहाडच्या यमुनेला बैलगाडीतून माझ्याकडे आणत होते. कचेरीपाशीच कळा अनावर झाल्या. मी धावत पोचले तेव्हा ती ओट्यावर तळमळत होती. सासू लुगड्याचा आडोसा धरून उभी, आणि रस्त्यावरचे पुरुष खुशाल थांबून बघतायत. मागे ते कुलूप.

शिपाई म्हणाला, "बाई, किल्ली अध्यक्षांकडे. ते ठाण्याला गेलेत."

मी गाडीवानाला म्हटलं, "दगड घे आणि फोड."

त्यानं फोडलं. पत्त्यांच्या टेबलावरच बाळंतपण केलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

संध्याकाळी अध्यक्ष माझ्या दारात हजर. "टेबलाचं नवं कापड खराब झालं. कुणाच्या परवानगीनं आत गेलात?" यमुना कशी आहे, एका शब्दानं विचारलं नाही! काय करायला हवं होतं मी? तिला थांब म्हणायचं होतं?

"माफीचं पत्र द्या, नाहीतर वर तक्रार करीन," ते म्हणाले.

"जरूर करा," मी म्हटलं. "बाळंतीण दहा दिवस तिथंच राहणार आहे. आत याल तेव्हा चपला बाहेर काढा."