ड्रमवाल्यापुढे टिकेल असा अ‍ॅम्प

प्रिय उस्ताद,

अ‍ॅम्प मिळाला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं माझं पाल्हाळ तू निवांत वाचशील. जॅझला चालेल, खिशाला झेपेल आणि एकटीला जिना चढून नेता येईल असा अ‍ॅम्प बघून ठेवाल का, असं तू विचारलं होतंस. त्यातल्या पहिल्या दोन अटी पुऱ्या झाल्यात, तिसरीचं खाली लिहितो. तुमच्या गावात गिटारचं धड दुकान नाही आणि इथे पोस्टामागची अख्खी गल्ली त्याच दुकानांची आहे, म्हणून तू मला सांगितलंस हे मला कळतं. तरी सांगितलंस याचा मला फार आनंद झाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या निवृत्त माणसाला आता कोण काम सांगतं? आमच्या हिने तर तुझा निरोप वाचल्या वाचल्या मला इस्त्रीचा शर्ट काढून दिला, जणू मी नोकरीच्या मुलाखतीला निघालोय. उत्तराला उशीर झाला, त्याचंही कारण सांगतो, पण आधी कामाचं बोलू.

कामाच्याही आधी एक गोष्ट उघडच लिहितो. तू घर सोडलंस त्याला वर्ष उलटलं. कोर्टाचे कागद झाले, त्यावर तुम्हा दोघांच्या सह्या झाल्या आणि नवरा-बायकोचं नातं रीतसर संपलं. पण सासऱ्याची आणि सासूची सही कुणी मागितलीच नाही. त्यामुळे आमचं काय झालं, संपलं की चालू आहे, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. आता चिरंजिवांचं दुसरं लग्नही ठरलंय, ते तुझ्या कानावर आलं असेलच. मुलगी चांगली आहे, हसरी आहे, बँकेत आहे. माझी तिच्याबद्दल काडीचीही तक्रार नाही. पण तू गेलीस आणि तुझ्या जागी ती आली, असं गणित मला काही केल्या जमत नाही. तू आमची कोण, हा प्रश्न मी गेले कित्येक महिने डोक्यात घेऊन फिरतोय. या वेळी तो घेऊन अ‍ॅम्पची दुकानं फिरलो, एवढंच.

तुला आठवतं का, लग्नानंतर तू पहिल्यांदा मागच्या खोलीत वाजवायला बसलीस तेव्हा मला वाटलं होतं अ‍ॅम्प बिघडला. तो चिरंजिवांचा, कॉलेजात असताना घेतलेला. तो त्यावर वाजवायचा तेव्हा शेजारपाजारच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. आणि तुझा आवाज म्हणजे कुणीतरी रजईतून बोलतंय! मी दोन दिवस कळ काढली आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेऊनच आत आलो. तू इतकी हसलीस की गिटार बाजूला ठेवावी लागली. मग मला समोर बसवलंस, ट्रेबलचं बटण पार वर नेऊन एक कॉर्ड वाजवलीस, बटण खाली आणून तीच कॉर्ड पुन्हा वाजवलीस, आणि म्हणालीस की आपल्याला आवाज चमकवायचा नाही, गोल ठेवायचाय. मला ओ की ठो कळलं नाही. पण सुनेने सासऱ्याला असं समोर बसवून काही शिकवावं, हे मला आवडलं. त्यानंतर रोज संध्याकाळी मी पेपर घेऊन त्या खोलीत येऊन बसायचो. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा. आमचा मुलगा त्या खोलीत किती वेळा येऊन बसला, ते तुला माहीत आहे आणि मलाही. जाताना हिने इतकं सांगूनही तू तो अ‍ॅम्प नेला नाहीस, त्यांचा आहे म्हणालीस आणि फक्त गिटार घेऊन गेलीस. तो अजून तिथेच आहे. त्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवले जातात.

तर दुकानं. पहिल्या दुकानात केसांचा बुचडा बांधलेला एक विक्रेता होता. मी जॅझ म्हटल्यावर त्याने मोठ्या समजूतदारपणे मान डोलावली, सगळी बटणं उजवीकडे पिळली आणि असं काही वाजवलं की माझी कवळी हलली. मग त्या एका डब्यातून किती तऱ्हेचे आवाज निघतात ते दाखवायला लागला. गुहेतला, पाण्याखालचा, विमान डोक्यावरून गेल्याचा. मी म्हटलं, बाबा रे, मला गिटारचा गिटारसारखा आवाज हवाय, तो यात कुठे आहे? त्याचा चेहराच पडला. शोधून सापडला तो, पण पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. शंभर आवाजांचे पैसे देऊन आपण एकच वापरायचा आणि तोही धड नाही, असला उद्योग कुणी सांगितलाय!

दुसऱ्या दुकानात व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प होता, आत काचेच्या नळ्या पेटतात तो. उस्ताद, काय आवाज होता! विक्रेत्याने एक जाड तार अंगठ्याने हळूच छेडली आणि मी उभ्या उभ्या विरघळलो. तुझी मागची खोली आठवली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग किंमत ऐकली आणि तेच डोळे पांढरे झाले. त्याच जातीचा एक छोटा, परवडेल असा होता खरा. हळू वाजवला की गोड, पण जरा आवाज वाढवला की फाटायला लागायचा. विक्रेता म्हणाला, लोकांना हे फाटणं आवडतं, त्यासाठीच घेतात. मी म्हटलं, आवडत असेल, आमच्या उस्तादांना नाही आवडत.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आतापर्यंत समजत होतो की जास्त वॅट म्हणजे जास्त दणका, आणि तू तर हळू वाजवणारी, मग तुला छोटासा बॅटरीवरचा पुष्कळ झाला. हातात धरून जिना चढता येईल, काम फत्ते. पण हे आपल्या लिफ्टसारखंच निघालं. चार माणसांची लिफ्ट चार माणसं घेऊन जाते, पण कण्हत कुंथत जाते. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये तीच चार माणसं घाल, मोटर चालू आहे की नाही ते कळणारसुद्धा नाही. तुला वॅट हवेत ते ओरडायला नाही, ओरडावं लागू नये म्हणून. तू लिहिलंस की हॉटेलवाल्याने दर शनिवारची संध्याकाळ दिली आहे, पण आधी एक शनिवार बघणार आणि मग पक्कं करणार, आणि सोबत बेसवाला आणि ड्रमवाला आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून झाल्यावर तुला जे एक स्वतःचं मिळतंय, ते अ‍ॅम्प फाटला म्हणून हातचं जायला नको. तेव्हा म्हटलं, परीक्षा ड्रमशेजारीच घ्यायची.

आणि घेतली! तिसऱ्या दुकानात एक गुबगुबीत औषधवाले गृहस्थ स्वतःसाठी ड्रम बघायला आले होते. बायकोने पन्नाशीत परवानगी दिली म्हणे. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्हाला वाजवायचंच आहे तर माझं एक काम करा, थांबू नका. ते खूश. ते ड्रम बडवतायत आणि मी एकेक अ‍ॅम्प शेजारी लावून विक्रेत्याला तीच कॉर्ड तशीच वाजवायला लावतोय. बॅटरीवरचा बिचारा पहिल्या मिनिटाला गारद झाला, त्याचा आवाज ऐकूच येईना आणि वाढवला तर चिरका. मालक बाहेर येऊन कपाळावर हात मारून गेला. औषधवाल्यांनी ड्रम घेतले म्हणून आम्ही दोघं धक्के न खाता बाहेर पडलो.

शेवटी काम झालं ते गल्लीच्या टोकाला, जुन्या मालाच्या दुकानात. तिथल्या दुरुस्तीवाल्याला सगळे घुम्या म्हणतात, कारण तो बोलतच नाही. मी जॅझ, ड्रमवाला आणि बेताचे पैसे असं तीन वाक्यांत सांगितलं. त्याने मागून एक तपकिरी अ‍ॅम्प ओढत आणला. ट्रान्झिस्टरचा, म्हणजे काचेच्या नळ्या फुटण्याची भानगड नाही. पन्नास वॅट, बारा इंची स्पीकर. आधी कुणा कीबोर्डवाल्याकडे होता, त्यामुळे सरळमार्गी आहे, गुहाबिहा काही नाही. वाजवल्यावर तो व्हॉल्व्हवाल्याइतका गोड नाही, हे आधीच सांगतो, नंतर मला बोल लावू नकोस. पण गोल आहे, स्वच्छ आहे आणि अर्ध्यावरच इतका भरतो की अजून अर्धी लिफ्ट रिकामी. काहीही न वाजवता नुसता चालू ठेवून मी कान लावला. मोटरींचं कण्हणं ऐकण्यात जन्म गेला, अ‍ॅम्पचं कळणार नाही? किंचित गुणगुणतो, तेवढं चालतं. दोन बटणं फिरवताना खरखरत होती, ती घुम्याने औषध मारून साफ करून दिली. मी विसार दिला आणि दुसऱ्या दिवशी उरलेले देऊन घरी आणला. पैशाचं आपण भेटल्यावर बघू, तू लगेच पाठवायची घाई केलीस तर मला राग येईल.

आता वापरायचं. जमिनीवर ठेवू नकोस, खुर्चीवर ठेव, नाहीतर सगळा आवाज तुझ्या घोट्यांना ऐकू जाईल. हॉटेलच्या फ्रिजच्या बोर्डावर लावू नकोस, घरघर येईल. कोपऱ्यावर आवरण फाटलंय, त्यासाठी ही जाड कापडाची खोळ शिवतेय. गुडघा दुखतोय म्हणून मशीन चालवू नको असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण माझं ऐकत नाही तर डॉक्टर कोण? राहिली तुझी तिसरी अट. वजन. जड आहे, उस्ताद. मी खाली चाकं लावून दिलीत, पण जिन्यावर चाकांचा काय उपयोग. तो तुला एकटीला वर नेता येणार नाही. मी बघितलं उचलून, मलाही दम लागला. हलका घ्यावा असं एकदा मनात आलं होतं, पण मग फाटका आवाज तुझ्या गळ्यात मारावा लागला असता. ते माझ्या हातून होणार नाही.

आता उशिराचं कारण. मधल्या काळात तुझे दोन फोन येऊन गेले आणि मी उचलले नाहीत. मी तिथेच होतो, फोन हातात होता. तुला किती लागलं असेल ते मला कळतं आणि त्याचा मला अजून त्रास होतोय. झालं असं की लग्न ठरल्यावर चिरंजीव येऊन म्हणाले, बाबा, तिच्याशी आता फोनवर बोलत जाऊ नका, नव्या मुलीसमोर ते बरं दिसत नाही. तो वाईट नाही गं. त्याचंही बरोबर असेल त्याच्या जागी. मी बरं म्हणालो, शब्द देऊन बसलो आणि अन्न गोड लागेना. मग युक्ती सुचली की तो फोनचं बोलला, पत्राचं कुठे बोलला? हिला सांगितलं तर ही उखडलीच. या वयात कसल्या चलाख्या करताय, म्हणाली, ती काय चोरीची आहे? सरळ सांगा त्याला. म्हणून काल सांगितलं. अ‍ॅम्प दाखवला, तुझ्यासाठी घेतलाय म्हटलं, आणि तुझ्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं तो घेऊन येणार आहोत, हेही सांगितलं. तो अ‍ॅम्पपुढे उकिडवा बसला. मग त्याने एवढंच विचारलं, स्पीकर बारा इंची आहे ना, तिला लहान चालत नाही. मी हो म्हटलं आणि तो निघून गेला. तेव्हा आम्ही येतोय. जिन्यात अ‍ॅम्प दोन बाजूंनी दोघं धरू, पायरीपायरीवर हिच्या गुडघ्याची कळ जिरेपर्यंत थांबावं लागलं तरी वर पोचवू. हॉटेलात आम्हाला मागचं टेबल चालेल. ही दोघं कोण, असं तुझ्या ड्रमवाल्याने किंवा मालकाने विचारलं तर काय सांगायचं ते तू ठरव. अ‍ॅम्पवाले सांगितलंस तरी आम्ही तोंड पाडणार नाही. माझ्यापुरतं मी ठरवलंय, ते खाली लिहितो.

तुझाच,
बाबा